दोरीला लागलेले हात

कॉलेजात मंडळ काढणे ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. जूनमध्ये फळ्यावर सूचना लागते, जुलैत अध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार ठरतात (खजिन्यात काही नसले तरी खजिनदार लागतोच!), ऑगस्टात मुंबईहून, निदान कणकवलीहून, एखादे पाहुणे येऊन उद्घाटन करतात, आणि मग त्या मंडळाची गाठ पडते ती एकदम स्नेहसंमेलनाच्या अहवालात. 'मंडळाने वर्षभर विविध उपक्रम राबविले.' मालवणच्या किनाऱ्यावर मराठी शिकवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचे व्याकरणही तपासावेसे वाटत नाही.

'हल्लीच्या मुलांना कशात रसच नाही हो,' असे म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी चहाचा कप खाली ठेवतो. पण पुढारी निवडण्याची आपली रीत कशी होती, तीही पाहा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून खुल्या निवडणुका गेल्या, आणि आदल्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी होऊ लागला. मारामाऱ्या टळल्या, ते बरेच झाले. पण ज्याला ऐंशी टक्के गुण पडतात त्याला चार जणांना हाताशी धरून सतरंज्या घालता येतात, असे कोणी सांगितले? पुढे २००६ साली लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा सुचवली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. सगळा खल एका खुर्चीचा. समोरच्या शंभर खुर्च्या रिकाम्या का, याचा विचार कोणत्या कलमात असणार?

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. आमच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेत शिकवून दोन वर्षांपूर्वी वारले होते. सभेत दादाभाई नौरोजी होते. आरंभी तिथेही निबंधवाचनच चाले. पण निबंध वाचून मंडळी घरी गेली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि बिनपगारी मास्तरही आपणच झाले. मुली मिळवायला दारोदार हिंडावे लागले. काही बापांनी जिन्यावरून ढकलून देण्याचा धाक घातला. अशा कामात निबंध न जमणाऱ्यालाही जागा असते, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

हे मला कळले ते पुस्तकातून. पटले ते मात्र आमच्या वर्गातल्या एका मुलामुळे. शेवटच्या बाकावर बसणारा, घरी रापणीचा धंदा. वाङ्मय मंडळात का येत नाहीस, असे विचारले तर म्हणाला, "सर, थंय माका काम काय? दोरी वढल्याशिवाय वाटो खंयचो?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. रापणीत होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे किनाऱ्यावरून ओढतात. मासळीचे वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. दोराला लागलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. आमच्या मंडळात मात्र जाळेही आमचे, दोरही आमचे. मुलांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

त्या वर्षी उद्घाटन रद्द केले (प्राचार्य दोन दिवस बोलले नाहीत). सभा चार वाजता होई, म्हणजे देवबाग, आचरे, मसुरे इथल्या मुलांची एसटी चुके. ती मधल्या सुटीत आणली. आणि प्रत्येकाने घरून दहा शब्द आणायचे ठरले : माशांचे, जाळ्यांचे, वाऱ्यांचे, पुस्तकात न सापडणारे. यांत्रिक बोटी आणि पर्ससीन जाळी आल्यापासून रापणी कमी होत चालल्या आहेत. त्यांच्याबरोबर शब्दही चालले. पहिल्या महिन्यात नऊ मुले आली. मग एकाच माशाला दोन गावांत दोन नावे निघाली, दोन आज्ज्यांचे भांडण नातवंडांमार्फत आमच्या भित्तिपत्रकावर आले, आणि तिसऱ्या गावाला गप्प बसवेना!

कोणी कोणत्या वाडीत जायचे हे तो रापणकराचा मुलगा ठरवी. शुद्धलेखन त्याचे आजही भयंकर आहे. ते वर्गात पहिली येणारी मुलगी तपासे. परीक्षा जवळ आली की निम्मे गळत, हेही खरे. पण शेवटच्या वर्षाला असताना त्याने जानेवारीतच पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना बरोबर हिंडवायला सुरुवात केली होती. तो गेल्यावर जूनमध्ये मला फळ्यावर सूचना लावावी लागली नाही.

अडचण आली ती कचेरीत. मंडळाच्या नोंदणीच्या कागदावर 'अध्यक्षाचे नाव' असा रकाना असतो. मुलींनी त्यात बारीक अक्षरांत एकतीस नावे बसवली. कागद दुसऱ्याच दिवशी परत आला. वर लाल शाईचा शेरा होता : 'एकच नाव लिहावे.'