डेक तोकडे, विमान मोठे

चीनची ‘फुजिआन’ ही विमानवाहू नौका नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या देशाच्या नौदलात रीतसर दाखल झाली, तेव्हा आपल्याकडील चर्चेचा सारा भर तिच्या टनभारावर होता. त्यांची नौका ऐंशी हजार टनांच्या घरात आणि आपली ‘विक्रांत’ पंचेचाळीस हजार टनांची. तेव्हा आपणही मोठी नौका बांधली पाहिजे, असे सरळ त्रैराशिक मांडले गेले. वास्तविक त्या नौकेतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट टनभार ही नव्हेच. विद्युतचुंबकीय कॅटापुल्टच्या साहाय्याने तिच्या डेकवरून ‘केजे-६००’ हे पाठीवर रडारची तबकडी वाहणारे, दोन पंख्यांचे अवजड विमान उडू शकते, ही ती गोष्ट आहे. कोणते विमान उडवावयाचे हे आधी ठरले, आणि त्यातून नौका आकारास आली.

हा क्रम उलटा झाला की काय होते, याचे धडे अमेरिकी नौदलाच्या इतिहासात विखुरलेले आहेत. नौकेवर मावू नये असे विमान नौकेवरून उडवून दाखविण्याचा नाद त्या नौदलाला एकदा नव्हे, अनेकदा लागला. या प्रयोगांकडे सामान्यतः वैमानिकांचे शौर्य म्हणून पाहिले जाते. ते शौर्य होतेच. परंतु त्या प्रत्येक प्रसंगी एक आर्थिक प्रश्नही उभा होता, आणि तो बहुधा कोणी विचारला नाही. विमानवाहू नौकेवर सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती, तर डेकवरील जागा. तेथील प्रत्येक चौरस फुटासाठी लढाऊ विमान, हेलिकॉप्टर, बॉम्ब वाहून नेणाऱ्या गाड्या आणि माणसे यांची स्पर्धा चाललेली असते. एक मोठे विमान चढविले, की त्याची खरी किंमत त्याच्या खरेदीच्या रकमेत नसते. त्याने किती लहान विमानांना बाजूला सारले, यात असते.

१८ एप्रिल १९४२ रोजी ‘हॉर्नेट’ या नौकेवरून लेफ्टनंट कर्नल डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली सोळा ‘बी-२५’ बॉम्बफेकी विमाने टोकिओच्या दिशेने उडाली. ही लष्कराची, जमिनीवरून उडावयाची विमाने. ती नौकेवर परत उतरणे शक्य नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती. त्यांनी डेक असे व्यापले की ‘हॉर्नेट’ची स्वतःची विमाने खाली कोठारात अडकून पडली आणि तिच्या संरक्षणासाठी ‘एंटरप्राइझ’ ही दुसरी नौका सोबत न्यावी लागली. म्हणजे सोळा विमानांच्या एका फेरीसाठी दोन विमानवाहू नौका पणाला लागल्या. सोळाही विमाने गेली; पंधरा चीनच्या भूमीवर वा किनाऱ्यालगत कोसळली आणि एक सोव्हिएत हद्दीत उतरले. जपानचे प्रत्यक्ष नुकसान थोडेच झाले. परंतु राजधानीवर बॉम्ब पडल्याने त्याच्या सेनानींचे चित्त विचलित झाले आणि मिडवेवर चाल करण्याच्या बेताला जोर आला. त्या वैमानिकांना आसरा देणाऱ्या चिनी प्रदेशांवर जपानी सैन्याने जो सूड उगविला, त्यात हजारो निरपराध माणसे मारली गेली; हा खर्च मात्र अमेरिकेच्या हिशेबात आला नाही. तरीही युद्धकाळातील एकवार साहस म्हणून या प्रयोगाचे समर्थन करता येते. पर्ल हार्बरनंतरच्या त्या महिन्यांत मनोधैर्य हीदेखील दुर्मिळ वस्तूच होती.

शांततेच्या काळातील कथा निराळी आहे, आणि अधिक बोधप्रद. महायुद्ध संपले, अंदाजपत्रकाला कात्री लागली, आणि अणुबॉम्ब वाहून नेण्याचे काम स्वतंत्र झालेल्या हवाई दलाकडे जाणार असे दिसू लागले. ज्याच्याकडे अणुबॉम्ब त्याच्याकडे निधी, हे साधे सूत्र होते. नौदलाने मग ‘नेपच्यून’ हे किनाऱ्यावरून गस्त घालणारे, शंभर फूट पंखविस्ताराचे विमान पुढे केले. २७ एप्रिल १९४८ रोजी ‘कोरल सी’ या नौकेवरून दोन ‘नेपच्यून’ विमाने पोटाशी बांधलेल्या अग्निबाणांच्या रेट्यावर उडविण्यात आली. पुढल्या वर्षी ७ मार्चला कॅप्टन हेवर्ड यांनी त्याच नौकेवरून दहा हजार पौंडांचे नकली बॉम्ब घेऊन उड्डाण केले, अमेरिका खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर ते टाकले आणि वाटेत कोठेही न उतरता पूर्व किनाऱ्यावरील तळ गाठला. विमान म्हणून ही कामगिरी थोर होती. परंतु हे विमान नौकेवर उतरूच शकत नव्हते. ते बंदरात क्रेनने चढवावयाचे, एकदा उडवावयाचे, आणि नंतर मित्रराष्ट्राचा तळ गाठावयाचा किंवा समुद्रात उतरावयाचे, अशी ती योजना होती. तिचा प्रेक्षक मॉस्कोत नव्हता. तो वॉशिंग्टनमध्ये, निधी मंजूर करणाऱ्या समितीच्या दालनात बसलेला होता.

याच ईर्ष्येतून ‘युनायटेड स्टेट्स’ या प्रचंड नौकेचा आराखडा निघाला. एक लाख पौंड वजनाची विमाने तिच्यावरून उडावीत म्हणून तिच्या डेकवरील मनोराही काढून टाकलेला होता. १८ एप्रिल १९४९ रोजी तिची पायाभरणी झाली आणि अवघ्या पाच दिवसांनी, २३ एप्रिलला, संरक्षणमंत्री लुई जॉन्सन यांनी ती रद्द केली. नौदलमंत्री सलिव्हन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नौसेनापती डेनफेल्ड यांना पदावरून जावे लागले. ‘ॲडमिरलांचे बंड’ म्हणून हे प्रकरण इतिहासात नोंदले गेले आहे.

या गदारोळात एकाच माणसाने शांत चित्ताने हिशेब केलेला दिसतो. डग्लस कंपनीचे अभियंते एड हाइनमन यांच्यापुढे नौदलाने एक लाख पौंडांच्या बॉम्बफेकी विमानाची मागणी ठेवली होती. ही महानौका बांधली जाईलच याची शाश्वती काय, असा विचार करून त्यांनी अस्तित्वात असलेल्या नौकांवर चालेल असे अडुसष्ट हजार पौंडांचे विमान रेखाटले. नौका रद्द झाली, विमान टिकले. ‘स्कायवॉरियर’ या नावाने ते १९५६ मध्ये सेवेत आले. खलाशी त्याला ‘देवमासा’ म्हणत, आणि नौकांवर नित्य सेवा केलेल्या विमानांत ते सर्वांत अवजड गणले जाते. त्याचे मूळ कामही फार काळ राहिले नाही. १९६० मध्ये क्षेपणास्त्रधारी पाणबुडी समुद्रात गेली आणि नौकेवरून अणुबॉम्ब नेण्याची गरजच ओसरली. पुढे हा देवमासा इंधन वाहून आणि शत्रूच्या रडारचा माग काढून १९९१ पर्यंत पोट भरीत राहिला.

सर्वांत नवलाचा प्रयोग १९६३ सालचा. दूर समुद्रातील नौकांना सुटे भाग पोचविण्यासाठी नौदलाजवळ असलेले लहान विमान फार लांब जाऊ शकत नव्हते. म्हणून चार इंजिनांचे ‘हर्क्युलिस’ हे मालवाहू विमान ‘फॉरेस्टल’वर उतरवून पाहावे असे ठरले. (योगायोग असा, की आपली पहिली ‘विक्रांत’ इंग्रजांच्या गोदीत ‘हर्क्युलिस’ याच नावाने बांधावयास घेतली गेली होती.) लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली यांनी ३० ऑक्टोबरपासून अटलांटिक महासागरात एकशे बत्तीस फूट पंखविस्ताराचे हे विमान एकवीस वेळा डेकवर उतरविले, आणि तेही शेपटीच्या आकड्याशिवाय, कॅटापुल्टशिवाय. पंखाचे टोक आणि नौकेचा मनोरा यांत पुरते पंधरा फूटही अंतर उरत नव्हते. हलक्या वजनाला ते दोनशे सत्तर फुटांत थांबले. १,२१,००० पौंडांचा भार घेऊन ७४५ फुटांत उडाले. प्रयोग निर्विवाद यशस्वी झाला.

आणि नौदलाने तो बासनात गुंडाळून ठेवला. ‘हर्क्युलिस’ उतरावयाचे तर डेक रिकामे करावे लागे. तेवढा वेळ नौका लढण्यास निरुपयोगी. नंतर ‘ग्रेहाउंड’ हे त्याहून पुष्कळ लहान, पंख दुमडणारे विमान घेण्यात आले. यशस्वी प्रयोगाचा निष्कर्ष ‘नको’ असा काढण्यास संस्थेच्या अंगी जे धैर्य लागते, त्याचे कौतुक वैमानिकाच्या धैर्याइतके होत नाही. माझ्या मते ते व्हावयास हवे. १९४९ मधील नौदल आणि १९६३ मधील नौदल यांत हा फरक पडला, कारण दुसऱ्या खेपेस अंदाजपत्रकातील वाटा पणाला लागलेला नव्हता.

त्याच सुमारास ‘यू-२’ हे ऐंशी फूट पंखांचे टेहळणी विमानही नौकेवर आणले गेले. परदेशातील तळ वापरावयाचा तर यजमान सरकारची मनधरणी करावी लागते, आणि १९६० मध्ये असे एक विमान रशियात पाडले गेल्यावर ती मनधरणी महाग झाली होती. मे १९६४ मध्ये फ्रान्सच्या पॅसिफिकमधील अणुचाचणी क्षेत्राच्या टेहळणीसाठी ते ‘रेंजर’वरून उडाले. नेहमीची पद्धत म्हणून मात्र हा मार्गही रुजला नाही.

आता आपल्याकडे वळू. २०२२ मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रांत’वर कॅटापुल्ट नाही, विमान उताणी वळलेल्या टोकावरून स्वतःच्या बळावर उडते. त्यामुळे ‘केजे-६००’ किंवा अमेरिकी ‘हॉकआय’ यांच्या जातीचे, दूरवरचा धोका आधी हेरणारे विमान तिच्यावर चालत नाही; ते काम ‘कामोव्ह-३१’ हेलिकॉप्टरवर सोपवावे लागते, आणि हेलिकॉप्टरची उंची व टिकाव दोन्ही मर्यादित. नौदलाने एके काळी पासष्ट हजार टनांच्या, कॅटापुल्ट असलेल्या नौकेची कल्पना मांडली होती, तिचे खरे कारण हे होते. परंतु सार्वजनिक चर्चेत कारण मागे पडले आणि टन तेवढे उरले. गोव्याच्या ‘हंसा’ तळावरून व अरक्कोणमहून उडणारी ‘पी-८आय’ विमाने समुद्राच्या टेहळणीचा किती भाग अधिक स्वस्तात उचलू शकतात, आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर त्यांची उपयुक्तता संपते, हा आकडा आधी हवा. फ्रान्सला ‘हॉकआय’ सुरक्षितपणे उतरविण्यासाठी आपल्या ‘शार्ल द गोल’चे डेक बांधून झाल्यावर काही मीटरांनी वाढवावे लागले, ते असा हिशेब वेळीच न केल्यामुळे.

विमानाचा खर्च हा नौकेच्या खर्चाचा शेपटाकडील तपशील नव्हे. ‘विक्रांत’च्या बांधणीस सुमारे वीस हजार कोटी रुपये लागले, नौदलासाठी घ्यावयाच्या सव्वीस ‘राफेल-एम’ विमानांचा एप्रिल २०२५ मधील करार, शस्त्रे व प्रशिक्षण धरून, सुमारे त्रेसष्ट हजार कोटींचा आहे. ‘मिग-२९के’चे पंख दुमडतात, ‘राफेल-एम’चे दुमडत नाहीत. एका ‘राफेल’ने डेकवर आणि कोठारात किती जागा व्यापली, आणि त्यामुळे एकंदर विमाने किती कमी झाली, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने पुढल्या नौकेचा प्रस्ताव येण्यापूर्वी नौदलाकडून लेखी मागून घ्यावे.