मशीन दिले, पण हुनर कोण देणार?

गाडीला पॉलिश हाताने करावे की मशीनने, हा प्रश्न आजकाल गाडीवाला प्रत्येक माणूस विचारतो. आम्ही कापडाचे व्यापारी. गाड्यांच्या धंद्याशी आमचा संबंध एवढाच की मलमलचे तुकडे आणि होजिअरीच्या चिंध्या गॅरेजवाले आमच्याकडून किलोवर घेऊन जातात. परंतु गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये जे पाहिले, त्यानंतर या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हास आवश्यक वाटले.

आमची मरून रंगाची गाडी पॉलिशला दिली होती. संध्याकाळी आणायला गेलो तर बॉनेटच्या कडेला बोटभर लांबीचा फिकट पट्टा दिसला. मशीन एका जागी थांबले, कड तापली आणि वरचा थर निघून गेला. मालकाने आमच्यासमोरच सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाला बोलावले आणि रंगकामाचा खर्च त्याच्या पगारातून कापण्याचे फर्मान काढले. आम्ही मुलाला विचारले, "बेटा, हे मशीन तुला कोणी शिकवले?" तो खाली मान घालून म्हणाला, "कोणीच नाही, चाचा. जुना कारागीर सोडून गेला, दुसऱ्या दिवशी मशीन माझ्या हातात दिले."

आम्ही ती कपात होऊ दिली नाही. खर्च आम्ही आणि मालकाने निम्मा-निम्मा उचलला. परंतु प्रत्येक गिऱ्हाईक असे करणार नाही, आणि त्याने का करावे? प्रश्न त्या एका बॉनेटचा नाही. आपली शेकडो मुले गॅरेजमध्ये काम करतात, त्यांच्या हुनराचा आणि रोजीचा हा प्रश्न आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की पॉलिश म्हणजे गाडीला काही लावणे नव्हे, तर गाडीवरून काही काढणे होय. लावले जाते ते मेण, म्हणजे वॅक्स. पॉलिश आणि रबिंग कंपाउंडमध्ये बारीक घासणारे कण असतात. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या पातळीवर आणला की ओरखडा दिसेनासा होतो. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्यास क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. कडांवर तो आणखी पातळ असतो. उन्हापासून रंगाचे रक्षण तोच करतो. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा भाग जातो, आणि गेलेला परत येत नाही.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांना पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरत असे. गॅरेजमधल्या चिंध्या पाहून आज कोणत्या रंगाची गाडी आली होती, हे आम्ही सांगू शकत होतो. उतरलेला रंग पाहून कारागीर हात आवरता घेई. क्लिअर कोटला मात्र रंगच नाही. तो घासला जात असताना फडके काहीच सांगत नाही, आणि खालचा रंग फडक्यावर दिसू लागतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. म्हणूनच आजच्या गाडीला कालच्यापेक्षा जास्त शिकलेला कारागीर हवा.

आता हात की मशीन? हाताने केलेल्या कामात उष्णता कमी निर्माण होते, म्हणून रंग जळण्याची भीती नाही. दरवाजाच्या हँडलच्या खाचा, बंपरचे कोपरे, कंपनीच्या चिन्हाभोवतीची जागा येथे हातच चालतो. परंतु संपूर्ण बॉनेटवर हाताचा दाब सारखा पडत नाही आणि जुने ओरखडे हाताने पुरते निघत नाहीत.

मशीनमध्येही दोन जाती आहेत. एक रोटरी, जिचे पॅड एकाच आसाभोवती गोल फिरते. ती जलद कापते, पण जलद तापतेही, आणि कच्च्या हाताने चालवली तर उन्हात दिसणारे गोल वळसे मागे सोडते. दुसरी ड्युअल अॅक्शन, जिचे पॅड फिरता फिरता हेलकावेही घेते. जोर जास्त पडला की तिचे फिरणे मंदावते, त्यामुळे शिकाऊ हाताला ती सुरक्षित. आमचे स्पष्ट मत आहे की नव्या मुलाच्या हातात प्रथम ड्युअल अॅक्शन द्यावी आणि रोटरी त्याने भंगारातल्या दरवाजावर शिकावी, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नव्हे.

काही बुजुर्ग म्हणतात की मशीनने कारागिरी संपवली. हे आम्हास मान्य नाही. आमच्या आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी यंत्रमाग घातला. हातमागावर ताण्याची तार तुटली की विणकराला लगेच कळे. साधा यंत्रमाग तार तुटली तरी चालतच राहतो आणि मीटरच्या मीटर खराब कापड काढतो. म्हणून यंत्रमागावर डोळस माणूस जास्त लागतो. पॉलिशच्या मशीनचेही नेमके तसेच आहे.

आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टीही सांगून ठेवतो. चिंध्यांनी आता पॉलिश पुसू नये. त्यांची शिवण, बटणाची जागा आणि अडकलेली धूळ क्लिअर कोटवर ओरखडे काढते. हे सांगण्यात आमचेच गिऱ्हाईक कमी होते, पण खरे ते सांगितले पाहिजे. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या चिरलेल्या धाग्यांचे मायक्रोफायबर, ३०० ते ४०० जीएसएम वजनाचे, या कामाला योग्य. ते सुती कपड्यांबरोबर धुऊ नये आणि त्याला कपडे मऊ करण्याचे द्रावण लावू नये. दुसरे, रोज सकाळी धुळीच्या गाडीवर कोरडे फडके फिरवण्याची सवय सोडावी. निम्मे ओरखडे तिथेच पडतात आणि मग पॉलिशवाल्याचे दार ठोठवावे लागते.

धंद्यात एक लबाडीही शिरली आहे. काही तेलकट पॉलिश ओरखडे काढत नाहीत, फक्त भरतात. गाडी आरशासारखी दिसते, पैसे चुकते होतात आणि दोन-चार धुण्यांत ओरखडे पुन्हा हजर. प्रामाणिक कारागिराने गिऱ्हाइकासमोर आयसोप्रोपिलच्या द्रावणाने एक जागा पुसून दाखवावी. तेल निघाल्यावर जे दिसते तेच खरे काम. ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने सुरक्षितपणे जाणार नाही, हेही आधीच सांगावे. एखादे काम हातचे जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

गॅरेजमालक बांधवांना आमची विनंती आहे. मशीनवर हजारो रुपये घालता, तर थोडे रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्रावर आणि एक महिना मुलाच्या तालमीवर घाला. गाडी सावलीत, पत्रा थंड, कडांवर टेप, आणि आधी एका लहान जागेवर चाचणी, एवढे तरी त्याला शिकवा. पूर्वी उस्ताद शागिर्दाची चूक आपल्या अंगावर घेत असे, कारण शिकवण्याची जबाबदारी त्याची होती. आज मशीन उस्तादाच्या जागी बसले आहे, पण ते शिकवतही नाही आणि चूक अंगावर घेतही नाही. म्हणून नुकसान झाले तर पगार कापण्यापूर्वी, या मुलाला आपण शिकवले होते का, हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा.