फिट, फेफरं आणि मुलीचं लग्न

वस्तीतल्या बैठकांमध्ये पोराला फिट आल्याचा विषय निघाला, की मी हमखास ऐकते, 'कुणाची बाधा झाली?' मुलगी असेल तर, 'आता हिचं लग्न कसं व्हायचं?' कांदा हुंगवून होतो, देवऋषी होतो, आणि बोल लागतो आईला.

आपल्या देशात लहान मुलांना फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून हा कृमी माणसाच्या आतड्यात येतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित पाणी, न धुतलेली भाजी, अस्वच्छ हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणूनच मांस न खाणाऱ्या घरांतही हा आजार होतो. हा रोग पसरलेल्या भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग आईला कशाला बोल लावायचा? संडास आणि स्वच्छ पाणी न पुरवणाऱ्यांना जाब विचारूया.

स्कॅन केल्यावर निदान होतं, औषधांनी पुष्कळ मुलं बरी होतात. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

वारंवार फेफरं येतं म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न रद्द करून मागता येत असे. १९९९ साली ही तरतूद गेली. तरीही मुलींचा आजार लपवला जातो, सासरी गोळ्या बंद होतात. आपल्या गटांमध्ये यावर उघडपणे बोलायला सुरुवात करूया.