प्रगती अहवाल फक्त विद्यार्थ्याचाच का?

पीएच.डी. करणाऱ्याच्या कामाचा हिशेब दर सहा महिन्यांनी मागितला जातो. त्याला वाट दाखवणाऱ्या गाइडच्या कामाचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. राजूरसारख्या गावातून विद्यापीठ गाठणाऱ्यांना याची किंमत सर्वाधिक मोजावी लागते.

समजा, वणी तालुक्यातील राजूरची एक मुलगी पीएच.डी. करते आहे. कोळसा खाण आणि चुनाभट्ट्यांच्या आधाराने वाढलेल्या गावातील मजूर कुटुंबांवर तिचा प्रबंध आहे. गाइड मॅडम अमरावतीला. पहाटे घर सोडायचे, वणीहून यवतमाळ आणि तिथून अमरावती, असा एका बाजूने सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास. पोहोचल्यावर कळते, की मॅडम परीक्षेच्या कामात अडकल्या आहेत आणि दोन महिन्यांपूर्वी दिलेले प्रकरण अजून वाचायचे राहिले आहे. ‘पुढच्या आठवड्यात फोन कर’ एवढे ऐकून ती परतीची एसटी धरते.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिचा दिवस संशोधन करणाऱ्या अनेकांनी अनुभवलेला असतो. यात कोणी खलनायक नाही. छळ नाही, अपमान नाही, तक्रार करावी असे काही घडलेले नाही. तरीही एक दिवस, प्रवासखर्च आणि दोन महिने वाया गेले आहेत. सहा महिन्यांनी जो अहवाल भरला जाईल, त्यात हे दोन महिने ‘विद्यार्थिनीची प्रगती संथ’ या एका ओळीत तिच्याच नावावर जमा होतील.

गाइडचा दबदबा येतो कुठून?

गाइड आणि विद्यार्थी यांच्यातील कुरबुरी बहुतेकदा स्वभावाच्या खात्यात टाकल्या जातात. सर तापट आहेत, मॅडम विसरभोळ्या आहेत, मुलगा आळशी आहे, असे म्हणून विषय संपतो. पण या नात्यातील असमतोल स्वभावापेक्षा गणितातून अधिक येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. एखाद्या विषयाच्या संशोधन केंद्रात एक सहयोगी आणि एक सहायक प्राध्यापक गाइड असतील, तर तिथे जागा झाल्या दहा. त्या भरल्या की जुन्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर करेपर्यंत नवी जागा निघत नाही. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहत असल्याने गाइडची संख्याही वाढत नाही.

त्यामुळे विद्यार्थी गाइड निवडत नाही. ज्याच्याकडे जागा आहे तो गाइड त्याला मिळतो. पुढे पटले नाही, तरी जाणार कुठे? गाइड बदलण्याची सोय विद्यापीठांच्या नियमांत असते, पण जुन्या गाइडची नाराजी ओढवून दुसऱ्याकडे जागा शोधणे अनेकांना पीएच.डी. सोडण्याइतकेच अवघड वाटते.

त्यात सह्यांची भर. प्रगती अहवाल, फेलोशिप सुरू ठेवण्याची कागदपत्रे, रजा, प्रबंध सादर करणे, प्रत्येक टप्प्यावर गाइडची सही लागते. प्रबंधाचे मूल्यमापन करणाऱ्यांतही किमान दोन बाह्य परीक्षकांबरोबर गाइड असतोच. नोकरीच्या मुलाखतीला समोर बसणारे तज्ज्ञही त्याच लहानशा वर्तुळातील. मग ‘जरा परीक्षेचे पेपर तपासायला मदत कर’, ‘कार्यक्रमाचे सूत्रसंचालन तूच कर’ या आज्ञा विनंतीच्या सुरात आल्या, तरी नाही म्हणायची सोय उरत नाही.

नियमांत विद्यार्थ्यासाठी काय आहे?

बरेच काही आहे. पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षे आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत देता येते, म्हणजे एकूण दहा वर्षे. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी महिलांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलावे लागले, तर काही अटी पाळून संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येते. २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती होती. २०२२ च्या नियमांत यूजीसीने ती ठेवलेली नाही. मात्र एखादे विद्यापीठ स्वतःची अट घालू शकते, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा नियम वाचणे आवश्यक.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची, तरी सर्वांत दुर्लक्षित तरतूद आहे ती संशोधन सल्लागार समितीची. विद्यार्थी तिला ‘आरएसी’ म्हणतात. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी अशी समिती असावी, विषय आणि अभ्यासपद्धती ठरवायला तिने मदत करावी आणि प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने तिच्यापुढे सादरीकरण करून संक्षिप्त अहवाल द्यावा, असे नियम सांगतो. समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला द्यायची आहे. प्रगती असमाधानकारक असेल, तर कारणे नोंदवून सुधारणेचे उपायही सुचवायचे आहेत.

हेतू स्पष्ट आहे. विद्यार्थ्याचे सगळे भवितव्य एका माणसाच्या हाती राहू नये, बाजूला आणखी दोन जाणती माणसे असावीत.

मग अडते कुठे?

समितीचा निमंत्रक स्वतः गाइडच असतो. म्हणजे गाइडकडून वेळेवर अभिप्राय मिळत नाही, हे सांगायचे ते गाइडने बोलावलेल्या बैठकीत आणि त्याच्याच समोर. अनेक ठिकाणी तर बैठक प्रत्यक्षात होतच नाही. छापील अर्ज फिरतो, सह्या होतात, फाइल पुढे सरकते.

दुसरी अडचण अहवालाच्या स्वरूपातच आहे. विद्यार्थ्याने किती वाचले, किती माहिती गोळा केली, किती पाने लिहिली, हे त्यात येते. ती पाने गाइडच्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे येत नाही. दोघांच्या कामाचा हिशेब एकाच्याच वहीत लिहिला जातो.

तक्रारीचा मार्ग नाही असे नाही. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा, निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थ्याने १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करावे आणि लोकपालांनी ३० दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी ती रचना आहे. लैंगिक छळासाठी अंतर्गत समितीचा स्वतंत्र मार्ग आहे आणि तिथे वाट पाहण्याचे कारण नाही.

पण न वाचलेल्या प्रकरणासाठी कोण तक्रार करील? तक्रार हे शेवटचे पाऊल असते. त्यानंतर नाते पूर्वीसारखे राहत नाही. आजची अडचण हीच आहे, की गप्प बसणे आणि तक्रार करणे यांच्या मधली पायरीच नाही.

काय बदलायला हवे?

ती पायरी फार खर्चाची नाही. सहामाही अहवाल दोघांचा असावा. त्यात विद्यार्थ्याच्या प्रगतीबरोबर तीन साध्या नोंदी असाव्यात: भेटी कोणत्या तारखांना झाल्या, कोणते लिखाण कोणत्या तारखेला दिले आणि त्यावर अभिप्राय कोणत्या तारखेला मिळाला. त्याबरोबर समितीचा निमंत्रक गाइडऐवजी दुसरा सदस्य असावा. यूजीसीच्या नियमात त्यासाठी बदल लागेल. पण बैठकीची शेवटची दहा मिनिटे गाइडच्या अनुपस्थितीत विद्यार्थ्याशी बोलण्याची प्रथा कोणतेही विद्यापीठ आजही पाडू शकते.

तिसरी गोष्ट अंतराची. यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या वणी तालुक्याला चंद्रपूर जवळ आणि आपले विद्यापीठ दूर आहे. प्रकरणावरची चर्चा व्हिडिओ कॉलवर होऊ शकते, हे करोनाकाळात सर्वांनी पाहिले. तरीही एका सहीसाठी दोनशे किलोमीटर यावे लागत असेल, तर तो शिस्तीचा नव्हे, सवयीचा भाग आहे. महिन्यातील एक भेट ऑनलाइन ठरवून दिली, तर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आणि घर सांभाळून संशोधन करणाऱ्यांचा मोठा भार हलका होईल.

यावर गाइडची बाजूही ऐकायला हवी. वर्ग, परीक्षा, नॅकची कागदपत्रे, रिक्त पदांमुळे वाढलेले तास आणि वर सहा-सहा प्रबंध, अशी अनेकांची स्थिती आहे. काही विद्यार्थी महिनोन्महिने गायब राहतात आणि मुदत संपताना उचललेला मजकूर घेऊन उगवतात, हेही खरे. मग तारखांची नोंद गाइडच्याही हिताचीच आहे. विद्यार्थी आलाच नाही, हे ती तितक्याच स्पष्टपणे दाखवील. आणि गाइडवर कामाचा बोजा किती आहे, हेही प्रशासनाला प्रथमच कागदावर दिसेल.

‘असे केले, तर कोणी कडक मार्गदर्शन करणार नाही’ हा आक्षेप येईल. पण इथे गाइडच्या मताला गुण द्यायचे नाहीत. त्याने प्रकरण फेटाळावे, चार वेळा परत लिहायला लावावे. फक्त ते वेळेत वाचून करावे.

मतभेद म्हणजे अवज्ञा नव्हे

महाराष्ट्राला याचा उत्तम दाखला बाहेर शोधावा लागत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आणि आपल्याला लेखकाची बरीच मते पटलेली नाहीत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच नोंदवले. प्राध्यापक असहमत होते, विद्यार्थी ठाम होता आणि पदवी मिळाली.

इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ओयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असमतोलावर काम केले. वंशाशी त्याचा संबंध असावा, ही फिशर यांची धारणा होती. हाती आलेल्या पुराव्यात तसे दिसत नाही, हा निष्कर्ष इरावतीबाईंनी मांडला. त्यांनाही डॉक्टरेट मिळाली.

दोन्ही ठिकाणी मतभेद कागदावर होते, पुराव्यासह होते. ‘सरांना राग येईल’ या भीतीने निष्कर्ष बदलणारे संशोधन पदवी देईल, ज्ञान देणार नाही.

तोवर विद्यार्थ्याने काय करावे?

नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल पाठवावा: ‘आज ठरल्याप्रमाणे मी दुसरे प्रकरण महिनाअखेर देईन, आपण पंधरा दिवसांत अभिप्राय द्याल.’ सूर नम्र असावा, तारीख स्पष्ट असावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे वाहून जाते, ई-मेल राहतो. शंभर पाने एकदम देण्यापेक्षा दहा पाने आणि दोन नेमके प्रश्न द्यावेत. व्यग्र माणूस तेवढे वाचतो.

समितीच्या शिफारशींची प्रत मागून घ्यावी. तो उपकार नव्हे, नियम आहे. समितीच्या दुसऱ्या सदस्याशी आधीपासून ओळख ठेवावी, अडचण आल्यावर नव्हे. प्रबंधाबाहेरचे काम आले, तर थेट नकाराऐवजी ‘हे केले, तर प्रकरण आठवडाभर पुढे जाईल, चालेल का?’ असे विचारावे. आणि विभागातील वरिष्ठ विद्यार्थ्यांशी बोलत राहावे. एकट्याने सोसलेली गोष्ट स्वतःची चूक वाटू लागते. चौघांनी सांगितल्यावर ती पद्धतीची चूक आहे, हे कळते.

राजूरच्या त्या मुलीला गाइडची कृपा नको आहे. तिने दिलेली पाने कोणत्या तारखेला वाचली जातील, एवढेच तिला ठाऊक हवे आहे. ती तारीख लिहून ठेवायला अहवालात एक रकाना वाढवावा लागेल, आणि पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाला तेवढे देणे विद्यापीठाला नक्कीच परवडण्यासारखे आहे.