विसाच्या रेषेखालचा गुडघा

155 मिलिमीटर तोफेचा एक गोळा सुमारे 43 किलो वजनाचा असतो. असे गोळे पंधरा-सतरा वर्षे उचलणाऱ्या जवानाचे गुडघे चाळिशीच्या आत कुरकुरू लागले तर नवल नाही. नाशिक रोड आणि देवळाली ही तोफखान्याचीच ठाणी. निवृत्त जवान सातपूर-अंबडच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून उभा राहतो, नाहीतर निफाड-सिन्नरकडील शेतीवर परततो. दोन्ही ठिकाणी त्याचे भांडवल एकच, त्याचे शरीर.

निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. ती 20 च्या खाली गेली की अपंगत्वाचे वेतन शून्य. रूढ सूत्र असे की 100 टक्क्यांना अखेरच्या वेतनाचे 30 टक्के. म्हणजे 20 ला केवळ 6. पूर्ण मुदत सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही ही टक्केवारी 50 पर्यंत वाढवून मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामअवतार खटल्यात 2014 साली ठरवले. म्हणजे 20 वाल्याला वेतनाचे 15 टक्के आणि 15 वाल्याला काहीच नाही. मंडळाच्या लेखणीतील हा पाच टक्क्यांचा फरक जन्मभर पुरतो. सांध्याच्या दुखापतीत तर गुडघा किती अंश वाकतो यावर सारा भर. तो आठ तास उभा राहू शकतो की नाही, हे त्या मापात बसत नाही. आकड्यांवर अर्थशास्त्रज्ञांचे प्रेम असते हे खरे, पण चुकीची गोष्ट अचूक मोजण्यात कसले शास्त्र?

दुखापत सेवेमुळे नव्हे, असे म्हणण्याची सोयही शासनाकडे आहे. भरतीच्या वेळी निरोगी नोंदलेल्या जवानाला पुढे आलेले अपंगत्व सेवेमुळेच आले असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार शासनावर राहील, असे धरमवीर सिंग खटल्यात 2013 सालीच ठरले. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अशी निरर्थक दावेबाजी कमी करण्यास सांगितले. त्यानंतरही जवानाच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध शासन वरच्या न्यायालयांत जातच राहिले. ज्याच्या पदरी वकिलांची फौज आहे त्याला विलंब परवडतो. पहारेकऱ्याला परवडत नाही.

सप्टेंबर 2023 च्या नियमांनी तर भाषाच बदलली. अपंगत्व असूनही सेवेत राहून पुढे निवृत्त होणाऱ्याला आता अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ मिळतो. निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे, असे नकारा खटल्यात 1982 साली ठरलेल्या देशात ‘रिलीफ’ हा शब्द निवडला जातो, ही चूक अनवधानाची नसावी.

कमी टक्केवारी हा अखेरचा शब्द नव्हे. पहिले अपील, दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा मार्ग आहे. तेथे भाषणे कामास येत नाहीत. दुखापतीचा अहवाल, रुग्णालयाच्या नोंदी आणि मंडळाच्या कार्यवाहीची प्रत लागते. बहुतेक जवानांपाशी यांपैकी काहीच नसते. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिक रोडलाच आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून देणे, मुदत सांभाळणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जाणे, एवढे काम तालुक्यातील कार्यकर्ते या महिन्यापासून करू शकतात.