इसबाचं लेकरू आणि त्वचेवरची वस्ती

वर्गात एखादं लेकरू कोपराच्या लवणीत, गुडघ्याच्या मागे सारखं खाजवत बसलं की शेजारचं मूल हळूच सरकून बसतं. मग घरून निरोप येतो, ‘आमच्या मुलीला तिच्याजवळ बसवू नका, लागण होईल.’ धामणगावात थंडी पडली की दरवर्षी असा एखादा निरोप येतोच. म्हणून आधी तेच सांगते. लहान मुलांचा इसब, ज्याला हकीमसाहेब छाजन म्हणतात आणि डॉक्टर एक्झिमा, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागते ती खरूज, आणि लागतं ते गजकर्ण, म्हणजे आपलं दाद. खाज तिन्हींत असते. त्यामुळे घरात तिन्हींवर एकच ट्यूब फिरते, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि मधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. काही मुलांची ही भिंत जन्मापासूनच कच्ची असते. त्यांतल्या बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी पडतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवला. अशा भिंतीतून ओलावा निसटतो आणि आपल्या वऱ्हाडची कोरडी थंडी उरलासुरलाही ओढून नेते.

या भिंतीवर वस्तीही असते. निरोगी त्वचेवर नाना प्रकारचे सूक्ष्मजीव नांदतात आणि त्यांतले बरेचसे निरुपद्रवी, काही तर राखणदार असतात. पुण्याच्या एनसीसीएस संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहा एकत्र कुटुंबांतल्या ५४ निरोगी माणसांचे आतडं, तोंड आणि त्वचा इथले जंतू तपासले. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांत काही जंतूंचं प्रमाण वयाप्रमाणे बदललेलं दिसलं. इसबावरचा अभ्यास नव्हता तो, पण दादीजानला मानवलेला लेप नातवाला मानवेलच असं नाही, एवढं मला त्यावरून वाटतं.

इसब भडकतो तेव्हा या वस्तीत एकाचीच दादागिरी चालते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे त्याचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. अमेरिकेत २०१२ साली हायडी काँग आणि ज्युलिया सेग्री यांनी इसबाच्या बारा मुलांची त्वचा वेळोवेळी तपासली. आजार भडकला की हा जंतू वाढायचा आणि बाकीचे प्रकार घटायचे. उपचारानंतर ते प्रकार पुन्हा वाढताना दिसले. पुढे २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की या जंतूचं एक विकर त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट चेतवतं आणि खाज सुटते. म्हणजे लेकरू ‘वाईट सवय’ म्हणून खाजवत नसतं. खाजवल्याने भिंत आणखी फुटते, जंतू आणखी शिरतो. इसब हटत नाही तो या चक्रामुळे.

मग जंतूच मारून टाकू, असं कुणालाही वाटेल. बादलीत जंतुनाशकाची झाकणं ओतणारी घरं मला माहीत आहेत. पण त्याने राखणदारही मरतात आणि भिंत आणखी कोरडी पडते. चांगले जंतू मलमातून परत लावण्याचे प्रयोग झाले आहेत. सॅन दिएगोच्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने २०२१ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत आठवडाभरात ऑरियस घटला, पण ती मोठ्या माणसांवर होती. दुसऱ्या एका जंतूने आधी आशा दाखवली, मात्र मोठ्या चाचणीत तो टिकला नाही. त्यामुळे डब्यावर ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं महागडं लोशन घेण्याआधी थांबा.

आज हाताशी आहे ते साधंच आहे. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण सौम्य आणि थोडा, अंग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. दोन-तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असतानाच, पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम. तेही बोटभर नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसबाच्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलं आहे! आपल्याकडे एक डबी सगळं घर तीन महिने पुरवतं. खोबरेल तेलाबद्दल फिलिपाइन्समध्ये मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष चांगले आहेत. मोहरीच्या तेलाने मात्र उंदरांच्या त्वचेची भिंत भरून यायला उशीर झाल्याचं दिसलं आहे, म्हणून मालिशीला तेवढं टाळा. लेकरू वुजू करत असेल तर नंतर हात-पाय टिपून पुन्हा मलम लावून द्या.

स्टिरॉइडबद्दल दोन टोकं दिसतात. एक, मेडिकलमधून स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब आणून महिनोन्‌महिने चोपडायची. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून सगळं घर खूश. पण ते दाद असलं तर पसरतं, आणि इसब असला तरी जोरकस स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर तर फारच. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी मागणारे मागतात. दुसरं टोक म्हणजे भीती. डॉक्टरांनी योग्य मलम दिलेलं असतं आणि अम्मी ते ‘स्टिरॉइड आहे’ म्हणून कपाटात ठेवते, लेकरू रात्रभर जागतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्यांच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. किती दिवस लावायचं आणि कसं कमी करायचं, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

ईदला काळ्या मेंदीचा कोन इसबाच्या हातावर नकोच. त्यात केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असू शकतं.

चट्ट्यातून पू आला, मधाच्या रंगाची खपली धरली, ताप आला किंवा दुखणाऱ्या बारीक फोडांचा पुंजका उठला तर घरी वाट पाहू नका. इथून वर्ध्याला गाडीने जाऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवता येतं. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.