सफर : ड्रायव्हरच्या शेजारची सीट



या सदरात आपण बहुतेक वेळा आपल्याच मुलुखात फिरतो. या वेळी जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरून जाणारा ब्लू रिज पार्कवे हा रस्ता आम्ही ऑक्टोबर 2023 मध्ये एका दिवसात जमेल तेवढा पाहिला. आम्ही म्हणजे मी, अब्बा, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट शहरी नोकरीला आहे.

आधी घरातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे कळेल. अब्बांनी एकतीस वर्षे एसटी चालवली. त्यातली बरीचशी वर्षे चिपळूण-कराड मार्गावर, कुंभार्ली घाटात गेली. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या त्या भयंकर दिवसांत, आमची अम्मी अल्लाहला प्यारी झाली. भावाला येता आले नाही. त्याने दफन मोबाईलवर पाहिले. पुढे व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळेना, गेलो तर परत येता येईल का याची खात्री नव्हती. असे करत दोन वर्षे गेली. अब्बा त्याला रागाने कधी काही बोलले नाहीत. पण फोनवर ‘बरा आहेस ना? थांब, आपाला देतो’ यापुढे बोलणेही राहिले नाही. शेवटी मीच अब्बांना घेऊन तिकडे गेले. तिथेही आठवडाभर बापलेक एका घरात राहिले आणि घरात आवाज फक्त टीव्हीचा. भावजय म्हणाली, ‘आपा, यांना कुठेतरी घेऊन जाऊ या. गाडीत एकमेकांपासून उठून तरी जाता येणार नाही.’

फजरची नमाज आटोपून निघालो. खिमा-पराठे, उकडलेली अंडी आणि थर्मासभर चहा बरोबर घेतला होता. हे मुद्दाम सांगते. त्या डोंगरी गावांतल्या खाणावळींत डुकराच्या मांसाचे पदार्थ फार, हलाल मिळणे अवघड. ट्राउट नावाचा मासा मात्र बऱ्याच ठिकाणी मिळतो. दोन तासांत ब्लोइंग रॉक या टुमदार गावी पोहोचलो आणि तिथून पार्कवेला लागलो.

हा रस्ता एकूण 469 मैलांचा, म्हणजे सुमारे 755 किलोमीटर. व्हर्जिनिया राज्यात सुरू होऊन तो नॉर्थ कॅरोलिनात चेरोकी गावाजवळ संपतो. हे डोंगर मुळात चेरोकी लोकांचे. 1838 मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यातल्या हजारो लोकांना सक्तीने पश्चिमेला हाकलले. त्या वाटेवर त्यांची किती माणसे दगावली! जे थोडे मागे राहिले, त्यांचे वंशज आजही या रस्त्याच्या टोकाला राहतात. रस्त्याचे काम 1935 मध्ये, मंदीच्या काळात, हाताला काम मिळावे म्हणून सुरू झाले. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, त्यातलाच हा प्रकार. रस्त्यावर टोल नाही, जाहिरातींचे फलक नाहीत, मालवाहू ट्रकना बंदी. वेग जास्तीत जास्त ताशी 45 मैल, म्हणजे 72 किलोमीटर. पेट्रोल पंपही नाही, म्हणून टाकी आधीच भरून घ्यावी.

अब्बा भावाच्या शेजारी बसले होते. पहिला अर्धा तास त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता. वळण आले की हात दाराच्या मुठीवर. भाऊ बघत होता, बोलत मात्र नव्हता.

दोन्ही बाजूंना जंगल पेटल्यासारखे लाल-पिवळे झाले होते. थंडी लागली की पानांतला हिरवा रंग ओसरतो आणि खालचे पिवळे-केशरी रंग दिसू लागतात. काही झाडांत लाल रंग तर तेव्हाच तयार होतो. हा रंग आधी शिखरांवर येतो आणि महिनाभरात हळूहळू दरीत उतरतो. लांबचे डोंगर निळे दिसतात, कारण झाडे हवेत एक प्रकारची वाफ सोडतात आणि तिच्यामुळे निळसर धुके तयार होते. ‘ब्लू रिज’ हे नाव त्यावरूनच पडले. मी मागून हे सगळे सांगत होते. अब्बा म्हणाले, ‘एकतीस वर्षांत कुंभार्लीतून इतक्या फेऱ्या मारल्या, पण दरी कशी दिसते ते मला ठाऊक नाही. प्यासेंजर सांगायचे, धबधबा काय सुंदर आहे. माझी नजर रस्त्यावर.’

पुढे ग्रँडफादर माउंटन नावाच्या डोंगराच्या कडेने लिन कोव्ह पूल लागतो. तो 1243 फूट लांब, नागमोडी, डोंगराला न टेकता हवेत तरंगल्यासारखा. डोंगर फोडायचा नाही असे ठरल्यामुळे काँक्रीटचे 153 तुकडे वेगळे तयार करून, आधी बसवलेल्या तुकड्यावरूनच पुढचा तुकडा जोडत नेला. 1987 मध्ये हा टप्पा खुला झाला तेव्हा कुठे, बावन्न वर्षांनी, सगळा रस्ता पूर्ण झाला. इथे अब्बांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून पुलाचे खांब पाहिले आणि परत येऊन भावाला म्हणाले, ‘गाडी बरी चालवतोस. पण उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. गिअर खाली घे.’ आठ दिवसांतले ते पहिले सबंध वाक्य होते. भाऊ म्हणाला, ‘हो अब्बा.’ गाडी ऑटोमॅटिक होती. तरी त्याने कुठलीशी कळ दाबून गिअर खाली घेतला.

लिनव्हिल धबधब्याजवळ जेवलो आणि गवतावर चादर अंथरून जोहर-असर कसर करून एकत्र पढलो. सवयीप्रमाणे अब्बा पश्चिमेला तोंड करून उभे राहिले. भावाने त्यांना खांद्याला धरून हलकेच ईशान्येकडे वळवले. तिथून काबा त्या दिशेला आहे. अब्बा हसले, ‘इकडे येऊन किब्लाही बदलला.’

वाटेत स्प्रूस पाइन हे खाणींचे गाव लागते. तिथल्या गारेच्या दगडाची शुद्धता जगात नावाजलेली. मोबाईल-संगणकाच्या चिपसाठी लागणारे सिलिकॉन ज्या भांड्यांत वितळवतात, ती या दगडापासून करतात. म्हणजे ज्या मोबाईलवर भावाने अम्मीचे दफन पाहिले, त्याच्या घडणीतही कदाचित या डोंगराचा वाटा असेल. हे मनात आले, बोलले नाही.

दुपार कलताना माउंट मिचेलला पोहोचलो. उंची 2037 मीटर, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे सर्वांत उंच शिखर. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. पुढे थोडी चढाची पायवाट आहे, गुडघेदुखीवाल्यांनाही सावकाश जमते. स्वेटर मात्र हवाच. माथ्यावर एक कबर आहे, एलिशा मिचेल या प्राध्यापकांची. त्यांनी 1835 मध्ये हे शिखर मोजले. पुढे त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दुसरेच शिखर जास्त उंच असल्याचा दावा केला. आपली मोजणी पुन्हा पडताळायला मिचेल 1857 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एकटेच निघाले आणि एका धबधब्यावरून पडून वारले. आधी त्यांना अ‍ॅशव्हिलला पुरले होते. वर्षभराने त्यांचा देह इथे आणला.

भाऊ हे फलकावरचे वाचून अब्बांना सांगत होता. सांगता सांगता थांबला. म्हणाला, ‘अब्बा, या परक्या माणसाची कबर मी तीनदा पाहिली. अम्मीची एकदाही नाही.’

मी आणि भावजय जरा बाजूला झालो. वारा फार होता, पण अब्बांचे बोलणे ऐकू येत होते. ते कबरीची जागा सांगत होते. कबरस्तानाच्या फाटकातून आत गेले की डाव्या हाताला, दादीच्या दोन कबरी पलीकडे. आंब्याच्या झाडाची सावली सकाळी पडते. जुलैच्या महापुरानंतर माती खचली होती, ती भरून घेतली. दर शुक्रवारी जातो. मग म्हणाले, ‘तू आला नाहीस याचा राग नव्हता रे. तू विचारत का नाहीस, याचा होता.’ भाऊ म्हणाला, ‘मला वाटायचे, तुम्ही सांगत नाही.’

उतरताना क्रॅगी गार्डन्सला चहा प्यालो. जूनमध्ये तिथे रोडोडेंड्रॉनची जांभळी फुले येतात म्हणे. आम्हाला निष्पर्ण फांद्या आणि डोंगरामागे कलणारा सूर्य मिळाला. अ‍ॅशव्हिलला पार्कवे सोडला. शार्लटला घरी यायला इशाची वेळ उलटून गेली. वाटेत अब्बा झोपले. घाटरस्त्यावर गाडी चालू असताना अब्बा झोपलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

भाऊ पुढच्या हिवाळ्यात चिपळूणला येऊन गेला. फाटकातून आत जाऊन डावीकडे वळला. कुणाला विचारावे लागले नाही.

सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हेलीन वादळाने त्या डोंगरांत हाहाकार केला. पार्कवेवर जागोजागी दरडी कोसळल्या, रस्ता तुटला. अ‍ॅशव्हिलच्या नळांना पिण्याजोगे पाणी यायला पन्नासहून जास्त दिवस लागले. भाऊ मशिदीतल्या लोकांबरोबर पाण्याच्या बाटल्या पोचवायला गेला होता. तिथून त्याने अब्बांनाच फोन केला, मला नाही. 2021 चा पूर पाहिलेले अब्बा त्याला बराच वेळ समजावत होते. आधी विहिरी उपसा, गाळ सुकायच्या आत काढा, म्हाताऱ्यांच्या घरी आधी जा.

तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी कुठला भाग खुला आहे हे निघण्याआधी पाहून घ्यावे. हिवाळ्यात बर्फामुळेही रस्ता बंद होतो. आणि इथे राहणाऱ्यांनी, घरात कुणी जन्मभर गाडी चालवलेली असेल, तर एकदा त्यांना शेजारच्या सीटवर बसवून त्यांच्याच घाटातून न्यावे. आम्ही पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, अब्बांना कुंभार्ली दाखवायला नेत आहोत.